'आपण', 'आम्ही' आणि 'ते'

निवडणुकीचे भाषण ऐकायचे असते, वाचायचे नसते, अशी आपल्याकडे समजूत आहे. सभेला गेलो, टाळ्या वाजवल्या, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, घरी येऊन जेवलो की भाषण संपले. कविता मात्र आम्ही वर्गात शब्दाशब्दाने सोलतो. रसग्रहण करा, अलंकार ओळखा, कवीला काय म्हणायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा. एका उपमेवर दोन दोन तास जातात. आणि ज्या शब्दांवर पाच वर्षांचे सरकार उभे राहते, त्यांच्याकडे मराठीच्या तासाला कोणी ढुंकूनही पाहत नाही. ते राज्यशास्त्राचे काम, असे मराठीचे मास्तर म्हणतात. ते भाषेचे काम, असे राज्यशास्त्राचे मास्तर म्हणतात. मधल्या मध्ये भाषण सुटते.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. बारावी कला शाखा, पटावर साठ, हजर चाळीस. त्यांत पंधरा-सोळा मुसलमान मुले-मुली, मुलीच अधिक. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर, म्हणजे २० नोव्हेंबरचे मतदान आणि २३ नोव्हेंबरचा निकाल उरकल्यावर, डिसेंबरात आम्ही या वर्गाला प्रचाराची भाषणे वाचायला दिली. आधी दिली नाहीत, याला कारण होते. आचारसंहितेच्या दिवसांत अर्धे शिक्षक निवडणुकीच्या ड्युटीवर असतात, आणि वर्गात काहीही बोलले तरी बाहेर प्रचार म्हणून पोहोचते. शिवाय दूध उतू जात असताना त्यात साय किती, ते मोजता येत नाही. निवून द्यावे लागते.

पहिले काम साधे होते. चार-चार जणांचा गट, प्रत्येक गटाला मोबाइलवरचे एक भाषण, त्यातली कोणतीही सलग दहा मिनिटे. ती जशीच्या तशी वहीत उतरवायची. व्याकरण सुधारायचे नाही, अर्धे वाक्य पूर्ण करायचे नाही. टाळ्या आल्या की कंसात टाळ्या, वक्ता थांबला की कंसात थांबला. मुलांना वाटले, दहा मिनिटे म्हणजे अर्ध्या तासाचे काम. तीन संध्याकाळी गेल्या. पण उतरवून झाल्यावर मुलेच चकित झाली. ज्या भाषणाने मैदान हलवले होते, ते कागदावर सव्वा पान भरले आणि त्यातली निम्मी वाक्ये अपुरी होती. "सर, यांनी वाक्य सोडून दिलंय आणि लोकांनी पूर्ण केलंय," असे एका गटाने सांगितले. आमच्या मते या एका वाक्यात वक्तृत्वशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम आला.

खरे तर आमच्या भागातल्या मुलांना हे शास्त्र नवे नाही. पंढरपूर हाकेवर. वारकरी घरातले पोर आईच्या मांडीवर बसून कीर्तन ऐकते. बुवा प्रश्न टाकून कुठे थांबतात आणि टाळकरी कुठे उचलतात, हे त्याला सांगावे लागत नाही. मोहल्ल्यातले पोर रात्री उशिरापर्यंत चालणारी वाज ऐकत वाढते. मौलाना आवाज कुठे खाली आणतात, कुठे एकदम चढवतात आणि 'सुब्हानल्लाह' कुठे उसळते, याची त्याला पुरती जाण असते. बक्षी, काझी, मुजावर यांच्याप्रमाणे 'खतीब' हेही आपल्याकडे आडनाव आहे. जुम्म्याचा खुत्बा देणारा तो खतीब, आणि उर्दूत वक्तृत्वाला 'खिताबत' म्हणतात ते त्याच धातूवरून. आणि आमच्या जिल्ह्यातल्या बार्शीने तर १९१६ साली अमर शेखांना जन्म दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात वक्ते बोलायला उभे राहण्याआधी सभा तापवायची ती या शाहिराने. तेव्हा ऐकण्याचा कान मुलांजवळ आहे. तो कान फक्त श्रद्धेने ऐकायला शिकलेला आहे. तपासायला शिकलेला नाही.

दुसरे काम सर्वनामांचे. वहीत प्रत्येक 'आपण', 'आम्ही' आणि 'ते' यांवर खूण करायची. आम्ही म्हटले, तीन रंगांची पेने घ्या. त्यावर वर्गात जी चर्चा झाली ती लिहून ठेवण्यासारखी होती. हिरवा नको, भगवा नको, हे एकमताने ठरले. निळा सुचवला तर मागच्या बाकावरून हरकत आली. तांबडा म्हटले तर कोणी हसून 'लाल बावटा' म्हणाले. महाराष्ट्रात बिनपक्षाचा रंग सापडणे कठीण आहे, हा त्या दिवसाचा पहिला निष्कर्ष. शेवटी पेन्सिल घेतली. 'आपण'ला चौकोन, 'आम्ही'ला वर्तुळ, 'ते'ला त्रिकोण.

इथे मराठी भाषेची एक दौलत सांगितली पाहिजे. हिंदी-उर्दूत 'हम' एकच. इंग्रजीतही एकच शब्द. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर 'आपण' आणि ऐकणाऱ्याला सोडून बोलायचे तर 'आम्ही'. "आपण जेवू" म्हटले तर समोरच्याला पाट मांडला; "आम्ही जेवू" म्हटले तर तो उपाशी. आमच्या घरांतल्या दखनीनेही हा भेद मराठीच्या शेजाराने उचलला आहे. 'हम' असताना 'अपन' निराळा बोलला जातो. याचा अर्थ असा की हिंदीतून बोलणाऱ्या वक्त्याला 'हम' म्हणून मोकळे होता येते, पण मराठी वक्त्याला प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते की समोर बसलेल्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे. मुलांनी चौकोन-वर्तुळे मोजली तेव्हा जवळजवळ प्रत्येक वहीत एकच चाल दिसली. संकट आले, दुष्काळ पडला, अन्याय झाला की 'आपण'. रस्ता केला, योजना आणली, निधी खेचून आणला की 'आम्ही'. भोगायला सगळे, करायला वक्ता. सगळ्या पक्षांच्या वह्यांत हे सारखेच, त्यामुळे भांडणाला जागा राहिली नाही.

याच तासाला एका मुलाने आम्हाला पकडले. "सर, तुम्ही एकटे आहात, मग स्वतःला 'आम्ही' का म्हणता?" वर्ग हसला. आम्ही सांगितले, ही जुनी मास्तरकीची सवय, वडिलांकडून आलेली. तो म्हणाला, "म्हणजे आम्ही बाहेर." उत्तर चोख होते. सवय मात्र गेलेली नाही, हे वाचक पाहतच आहेत.

मग घोषणा घेतल्या. १९७१ च्या निवडणुकीत विरोधकांच्या 'इंदिरा हटाओ'ला इंदिरा गांधींनी 'गरिबी हटाओ'ने उत्तर दिले. क्रियापद तेच ठेवले, कर्म बदलले. निम्मे काम विरोधकांनीच करून ठेवले होते. पण हटवायची कोणी? वाक्यात कर्ता नाही. मुलांनी विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, हाच प्रश्न पुढची पन्नास वर्षे विचारला जातो आहे. त्यानंतर फळ्यावर २०२४ ची घोषणा लिहिली. 'बटेंगे तो कटेंगे'. उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांची ही घोषणा प्रचारात महाराष्ट्रात आली, आणि नोव्हेंबरात धुळ्याच्या सभेत पंतप्रधानांनी 'एक है तो सेफ है' म्हटले. आम्ही मुलांना मत विचारले नाही, व्याकरण विचारले. बटेंगे कोण? 'हम', पण तो उच्चारलेला नाही; म्हणजे ज्याला त्याला आपापला 'हम' भरायचा आहे. कटेंगे म्हणजे काय? हिंदीत 'काटना' आणि 'कटना' वेगळे. 'काटना'ला कापणारा लागतो. 'कटना'ला लागत नाही, आपोआप कापले जाते. कापणारा कोण, हे वाक्य सांगत नाही, पण वाक्य ऐकून प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर कोणीतरी उभा राहतो. वक्त्याने तो उभा केलेला नाही. श्रोत्याने केला.

'गरिबी हटाओ'त चांगले करणारा गाळलेला, 'कटेंगे'त वाईट करणारा गाळलेला. ही घोषणा महाराष्ट्रात चालणार नाही, असे सत्ताधारी आघाडीतल्या अजित पवारांनीही तेव्हा जाहीरपणे म्हटले होते. तेही मुलांना सांगितले, म्हणजे हा फक्त आमच्या मनाचा खेळ नव्हे, हे कळावे. आणि १८ नोव्हेंबरला राहुल गांधींनी मुंबईच्या पत्रकार परिषदेत 'सेफ'चा अर्थ तिजोरी असा करून खरीखुरी तिजोरीच आणून ठेवली, तेही दाखवले. मुले खूप हसली. हसू ओसरल्यावर एका मुलीने विचारले, "पण सर, हा श्लेष झाला. उत्तर कुठाय?" तिला आम्ही मनातल्या मनात दहापैकी दहा दिले.

आता अवघड भाग. एका गटाच्या वाट्याला आलेल्या भाषणात त्रिकोणच त्रिकोण होते. दहा मिनिटांत एकदाही कोणत्या धर्माचे नाव नव्हते. 'ते' होते, 'ही मंडळी' होती, वर्तमानपत्री 'विशिष्ट समाज' होता आणि त्या निवडणुकीत चलनात आलेला 'व्होट जिहाद' हा शब्द होता. गटात दोन हिंदू मुले, एक लिंगायत मुलगी आणि एक मुसलमान मुलगी. फळ्यापाशी येऊन वाचायची पाळी मुसलमान मुलीची होती. तिने शांतपणे वाचले, त्रिकोण मोजून सांगितले आणि मग आमच्याकडे वळून विचारले, "सर, यातले 'ते' म्हणजे आम्हीच ना?"

वर्गात असा आवाज बंद झाला की बाहेरच्या रसवंतीचे घुंगरू ऐकू येऊ लागले. आम्ही स्वतः त्याच 'ते'मधले. हो म्हणावे तर मास्तरने मुलांना गटांत वाटले. नाही म्हणावे तर ती धडधडीत खोटे ऐकून जागेवर जाणार. आम्ही म्हटले, "भाषणात त्याचा पुरावा काय, ते दाखव." तिने दाखवला. एकेका त्रिकोणाच्या मागेपुढे कोणते शब्द आहेत, कोणते गाव आहे, कोणता सण आहे, हे तिने बोट ठेवून सांगितले. तिच्या गटातला एक मुलगा, ज्याचे घर त्याच पक्षाचे आहे हे सर्वांना ठाऊक, तो मध्येच म्हणाला, "सर, उतरवून घेताना हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी ऐकलेलं होतं ना मैदानात." त्याने क्षमा मागितली नाही आणि तिने मागावी अशी अपेक्षाही केली नाही. दोघे वही घेऊन बाकावर गेले. आम्ही त्यावर प्रवचन झोडले नाही. पुढचा गट बोलावला.

पण तासाचे खरे पारडे जोखले गेले ते चार दिवसांनी. आम्ही एका मुसलमान नेत्याचे हिंदी भाषण वर्गात आणले होते. त्यात 'हम' होता, 'कौम' होती, जखमा मोजल्या होत्या, आणि त्रिकोणांची रास तिथेही होती. फक्त या वेळी त्या त्रिकोणांत दुसरे बसले होते. आदल्या आठवड्यात बोटे ठेवून पुरावे देणारी आमची मुले अचानक मवाळ झाली. एकाने तर सरळ सांगितले, "सर, ये तो अपनेच आदमी का है." दुसरा म्हणाला, त्यांनी सुरुवात केली म्हणून हे बोलले. तिसऱ्याचे म्हणणे, भाषण खरे आहे मग खुणा कशाला करायच्या? खरे असले तरी खुणा करायच्या, एवढेच आम्ही सांगितले. पेन्सिल उचलेनात. तेव्हा त्याच मुलीने, जिने आधी प्रश्न विचारला होता, वही पुढे ओढली आणि त्रिकोण काढायला सुरुवात केली. घरी जाऊन तिला काय ऐकावे लागले असेल, ते आम्हाला ठाऊक नाही. मोहल्ल्यात मास्तरविषयी काय बोलले गेले, ते मात्र आमच्यापर्यंत आले. आपल्या समाजाच्या सभांतून इतरांच्या द्वेषाचे अचूक मोजमाप होते आणि आपल्या वक्त्याची तकरीर म्हटली की माप खुंटीला टांगले जाते. हे आम्ही या अंकाच्या वाचकांपुढे बोलू शकतो, कारण वाचक घरचे आहेत.

यानंतर आम्ही कायदा आणला. मुलांना वाटत होते की शब्दांची ही चिरफाड फक्त परीक्षेपुरती. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३, पोटकलम ३. 'त्याच्या' धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असे आवाहन करणे हा भ्रष्ट आचार. प्रश्न फळ्यावर लिहिला : 'त्याच्या' म्हणजे कोणाच्या? मुलांनी तासभर वाद घातला. उमेदवाराच्या? विरोधी उमेदवाराच्या? की मतदाराच्या? मग आम्ही सांगितले की १९९० च्या मुंबईतल्या सांताक्रूझच्या निवडणुकीवरून निघालेला हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींपुढे गेला आणि २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन असा निकाल लागला. बहुमताने म्हटले, 'त्याच्या'त मतदारही येतो. अल्पमताने म्हटले, नाही. ज्यांनी धर्म, जात, भाषा यांमुळे अन्याय सोसला, त्यांना त्याविषयी बोलण्याचीच बंदी होईल. बहुमतात न्या. बोबडे, अल्पमताचा निकाल लिहिणारे न्या. चंद्रचूड, दोन्हीकडे मराठी माणसे. एका सर्वनामावर सव्वीस वर्षे गेली, हे ऐकून व्याकरणाला कंटाळणारी मुले सरसावून बसली. आम्हाला विचाराल तर अल्पमताचा मुद्दा आम्हाला अधिक पटतो. 'अन्याय झाला' म्हणणे आणि 'त्यांना धडा शिकवा' म्हणणे यांत फरक करता आला पाहिजे, आणि तो फरक कायद्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या कानाला आधी कळायला हवा.

त्याआधीचीही एक जोडी आहे. ११ डिसेंबर १९९५ रोजी एकाच पीठाने महाराष्ट्रातली दोन प्रकरणे निकाली काढली. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतली बाळासाहेब ठाकरे यांची भाषणे तपासून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द ठेवली. आणि मनोहर जोशी यांच्या प्रकरणात, महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य होईल हे विधान म्हणजे मतांचे आवाहन नव्हे, फार तर आशा व्यक्त करणे होय, असे ठरवले. आशा आणि आवाहन यांतली रेघ कुठे मारायची? वर्गात दोन तट पडले, आणि गंमत अशी की ते हिंदू-मुसलमान असे पडले नाहीत. पहिल्या बाकांवरचे एका बाजूला, मागचे दुसऱ्या.

पैशांची वाक्ये तपासणे तुलनेने सोपे गेले. लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये वर्गातल्या कितीतरी आयांच्या खात्यावर येत होते. प्रचारात एका बाजूने एकवीसशे म्हटले, दुसऱ्या बाजूने तीन हजार. किती, केव्हापासून, कोणाच्या खिशातून, हे तीन प्रश्न प्रत्येक आश्वासनापुढे लिहायचे. 'केव्हापासून'चा रकाना बहुतेक वह्यांत कोरा राहिला. एका मुलीने 'ओवाळणी' या शब्दावर वर्तुळ काढले आणि लिहिले, "ओवाळणी भाऊ स्वतःच्या कमाईतून देतो." तिची आई विडी वळते. पंधराशेचे मोल तिला आमच्यापेक्षा जास्त कळते, त्यामुळे ते वाक्य कोणाला उपटसुंभ वाटले नाही.

तक्रार व्हायची ती झालीच. संस्थेशी संबंधित एका गृहस्थांनी बोलावून घेतले आणि गोड आवाजात विचारले, "सर, तुम्ही मराठी शिकवता की पक्ष?" आम्ही दहाही गटांच्या वह्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. ते ज्या पक्षाचे, त्याची वही त्यांनी आधी उघडली, नंतर विरोधकांची. विरोधकांची वाचताना ते दोनदा हसले. वह्या परत देताना म्हणाले, "चालू द्या, पण जाहिरात नको." ही भाषा आम्हाला समजते. उद्या आम्हाला थांबवले तर कोणत्या शब्दांत थांबवतील, याचा अंदाजही आहे. म्हणून वह्या आम्ही घरी कपाटात ठेवल्या आहेत.

शेवटचे काम होते लिहिण्याचे. आमच्या गावाला नळाचे पाणी आठवड्यातून एकदा येते. नगरपालिकेला उभ्या राहिलेल्या कल्पित उमेदवाराचे दोन मिनिटांचे भाषण लिहा. अट एकच, 'ते' वापरायचे नाही. मुलांना वाटले सोपे. दुसऱ्या दिवशी कुरकुर घेऊन आली. 'ते' काढले की भाषणाला जोरच येत नाही. कोणाला शिव्या घालायच्या, कोणावर खापर फोडायचे? काहींनी पळवाट म्हणून 'जे लोक' लिहिले. आम्ही त्यावरही त्रिकोण काढला. एका मुलाने पाण्याच्या टाकीची क्षमता, माणसे आणि दिवस यांचा हिशेब मांडला, भाषण खणखणीत झाले, पण दीड मिनिटात लोक उठून जातील असे वर्गाने त्याला सांगितले, आणि ते खरे होते.

वर्गाने हात वर करून निवडले ते त्रिकोण काढणाऱ्या त्या मुलीचे भाषण. त्यात अकरा चौकोन होते. ती वाचून खाली बसणार तोच मागून प्रश्न आला : तुझ्या या 'आपण'मध्ये वरच्या पेठेतले बोअरवाले धरलेत का, जे टँकर विकतात? तिने वही पुन्हा उघडली, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "धरलेत. त्यांनाच तर आधी समजवायचंय."

"मग ते तुला मत देणार नाहीत," तो मुलगा म्हणाला.

"नको देऊ देत," ती म्हणाली, आणि पेन्सिलीने आठव्या चौकोनाच्या शेजारी काहीतरी लिहू लागली.